पाठ मोडली, पण अपघात झालाच नाही!



मागच्या जिल्हा बैठकीत कापसाचा भाव झाला, पीकविमा झाला, रानडुकरांचा बंदोबस्त झाला. चहा आला आणि लोक उठायला लागले. तेवढ्यात मागच्या रांगेतला एक कास्तकार भिंतीला धरून उभा राहिला. "माया बी एक इषय हाये," तो म्हणाला. "पन तो शेतकऱ्याचा हाये का मजुराचा, मले समजत नाही." सभेत हशा पिकला. तो हसला नाही. आमच्याकडे बोट करून त्याने विचारले, "तुमी तवा तिथं होते. तो कोनता दिवस होता, तेवढं सांगा."

आम्हाला सांगता आले नाही.

हकीकत अशी. या माणसाची चार एकर कोरडवाहू. कापूस, तूर आणि घरापुरती ज्वारी. दिवाळीपासून होळीपर्यंत तालुक्याच्या जिनात हमाली. यात नवल काही नाही; चार एकरांत वर्ष निघत नाही हे आपण सगळे जाणतो. जानेवारी २०२४ ची गोष्ट. संक्रांत होऊन गेली होती आणि २२ तारखेची अयोध्येची सुट्टी अजून यायची होती. आम्ही तिघे कापसाची गाडी घेऊन त्या जिनाच्या रांगेत उभे होतो. समोर सरकीची पोती ट्रकमध्ये चढत होती. हा वाकला, पोते उचलून जोडीदाराच्या पाठीवर द्यायला गेला आणि अर्ध्यावरच थांबला. पोते खाली आले. तो मात्र वाकलेलाच राहिला. पडला नाही, घसरला नाही, रक्ताचा थेंब नाही. "कंबरेत कडकन झालं," एवढेच म्हणाला. मुकादम म्हणाला, "जाय घरी, शेक घे, उद्या येजो." आमच्यापैकी एकाने त्याला पाणी दिले. दुसऱ्याने कोणते मलम चोळायचे ते सांगितले. मग आमचा नंबर लागला, गाडी काट्यावर चढली आणि आम्ही आमच्या कापसाच्या भावात गुंतलो.

तो उद्या गेला नाही. दहाबारा दिवस शेकण्यात आणि चोळण्यात गेले. डावा पाय बधिर व्हायला लागला तेव्हा २९ जानेवारीला ग्रामीण रुग्णालय गाठले. केसपेपरवर लिहिले गेले, 'कंबरदुखी, १५ दिवस'. कशाने, कुठे, काय करताना, एक शब्द नाही. पुढे मणक्यांमधली गादी सरकल्याचे निदान झाले, शहरात ऑपरेशन झाले, बैलजोडी विकली गेली, सोसायटीचे कर्ज थकले. जिनवाल्याने दोन हप्त्यांत पंधरा हजार रुपये दिले आणि स्टँप कागदावर सही घेतली की आता काही देणेघेणे राहिले नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात कोणीतरी त्याला वकिलाकडे नेले आणि भरपाईचा दावा दाखल झाला.

आता जिनाचे उत्तर आले आहे. ते आम्ही वाचले. एक म्हणजे हा आमचा माणूसच नाही, मुकादमाचा आहे. आमचा असला तरी त्या दिवशी कामावर नव्हता. कामावर असला तरी अपघात असा काही घडलाच नाही. घडला असला तरी त्याचे दुखणे जुने आहे. आणि यातले काहीही कबूल न करता, निव्वळ माणुसकी म्हणून पंधरा हजार आम्ही दिलेच आहेत! वकिली उत्तर असेच असते, त्याचा आम्हाला राग नाही. पण यातल्या एकेका वाक्यावर आपल्यातले किती जण घरी बसले असतील याचा विचार केला की झोप उडते.

'तो आमचा माणूस नाही' याने घाबरण्याचे कारण नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने हा रस्ता शंभर वर्षांपूर्वीच बंद केला. धंद्याचे नेहमीचे काम ठेकेदारामार्फत करून घेतले तरी भरपाईची जबाबदारी मूळ मालकावर येते. त्याने ती मग ठेकेदाराकडून वसूल करावी. बाजारात आणि गोदामात मालाची चढउतार करणारे हमालही त्या कायद्याच्या यादीत होते. २००० सालच्या दुरुस्तीने नैमित्तिक कामगाराला वगळणारे शब्दही काढून टाकले. मुकादमाच्या टोळीत उक्ते काम केले म्हणून माणूस अनाथ होत नाही.

तो १९२३ चा कायदा आता राहिला नाही, हेही सांगितले पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि भरपाईचा सगळा मामला तिच्या सातव्या प्रकरणात गेला. कलमांचे आकडे बदलले, घराचा सांगाडा मात्र जुनाच आहे. त्यामुळे पुढे जुन्या कायद्याविषयी जे लिहितो आहोत ते इतिहास म्हणून सोडून देऊ नका.

आता मुख्य गोष्ट. अपघात म्हणजे काय?

आपल्या डोक्यात अपघात म्हणजे ट्रॅक्टर उलटणे, मळणीयंत्रात हात जाणे, विहिरीत पडणे. आवाज झाला पाहिजे, लोक धावले पाहिजेत, रक्त दिसले पाहिजे. जिनवाल्याच्याही डोक्यात तेच आहे. पोते उचलणे हे तर त्याचे रोजचे काम, रोजचेच पोते, रोजचाच माणूस. मग अपघात कुठे झाला?

हा प्रश्न १९०३ साली इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठासमोर आला होता. एका कारखान्यात एक कामगार यंत्राचे चाक फिरवत होता. चाक अडकले. त्याने आणखी एका माणसाला बरोबर घेऊन जोर लावला. पोटात काहीतरी फाटल्यासारखे झाले. अंतर्गळ, म्हणजे डॉक्टर ज्याला हर्निया म्हणतात तो. मालकाचे म्हणणे अगदी आपल्या जिनवाल्यासारखे. चाक तुटले नाही, माणूस पडला नाही, त्याने आपल्या मर्जीने जोर लावला, यात अपघाती काय? न्यायाधीशांनी सांगितले की अपघात या शब्दाचा अर्थ साधा, बोलीतला घ्यायचा. ज्याची अपेक्षा नव्हती, जे कोणी ठरवून केले नाही, असे अंगावर आले की तो अपघात. शरीराच्या आत काही तुटले तरी ते तुटणेच आहे. सात वर्षांनी, १९१० साली, त्याच न्यायपीठासमोर आणखी एक प्रकरण आले. एक माणूस पान्याने नट आवळताना मेला. त्याच्या छातीतली मोठी रक्तवाहिनी आधीपासूनच फुगून कमजोर झालेली होती, झोपेतही फुटली असती. तरी न्यायपीठाने भरपाई मंजूर केली, कारण ती फुटली कामाच्या ताणाने.

आपला १९२३ चा कायदा त्याच इंग्रजी कायद्याच्या साच्यातून निघाला, म्हणून आपल्याकडची न्यायालये हे निवाडे मानत आली. १९५० च्या दशकात मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका पहारेकऱ्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने असेच म्हटले. त्याला हृदयाचा विकार होता, कामावर असताना छातीत कळ आली, तो गेला. न्यायालयाचे म्हणणे असे की आजार जुना असला तरी कामाने त्यात भर घातली किंवा मरण लवकर आणले, तर मालक सुटत नाही. मात्र काम आणि इजा यांचा दुवा दाखवावा लागतो. 'तो कामावर होता आणि त्याला दुखले' एवढ्याने भागत नाही. काय करत होता, किती वजन होते, नेमक्या कोणत्या क्षणी काय झाले, हे सांगणारा कोणीतरी लागतो. आपले दावे इथेच मार खातात.

'दुखणे जुने आहे' हे उत्तर तर आता छापील फॉर्मसारखे झाले आहे. एमआरआय काढला की चाळिशीच्या माणसाच्या कण्यात झीज दिसतेच. ती कागदावर लिहिली जाते आणि मालकाचा वकील तो कागद झेंड्यासारखा नाचवतो. २०१५ साली या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा माणसांचे कणे त्यात पाहिले होते. वयाच्या विशीत ३७ टक्के, चाळिशीत ६८ टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के लोकांत गादीची झीज दिसली. याचा अर्थ असा की झीज म्हणजे दुखणे नव्हे. काल सत्तर किलो उचलणारा माणूस आज वाकू शकत नसेल, तर काल आणि आजच्या मध्ये काय घडले ते विचारावे लागेल. फोटोतली झीज काल रात्रीही तिथेच होती.

शेतकी कॉलेजात आम्हाला अवजारांचे बलगणित शिकवले. तिफण, वखर, मोट, सगळ्यांचे. माणसाच्या पाठीचे कोणी शिकवले नाही, तेव्हा ते आता इथे करू. पहार दगडाखाली घालून आपण जोर लावतो. टेका जितका जवळ, तितका वजनाचा भार टेक्यापलीकडच्या बाजूला वाढतो. वाकून उचलताना तुमचा कणा हा टेका आहे. पोते त्याच्यापुढे हातभर, धरा ४० सेंटिमीटरवर. ते तोलून धरणारे पाठीचे स्नायू टेक्याच्या मागे, जेमतेम ५ सेंटिमीटरवर. म्हणजे आठपट. ५० किलोचा कट्टा वाकून उचलणाऱ्याच्या पाठीला ४०० किलोचा जोर लावावा लागतो, आणि तो सगळा दाब त्या चिंचोक्याएवढ्या जाडीच्या गादीवर येतो. त्याच्या स्वतःच्या धडाचे वजन यात धरलेच नाही. हेच पोते अंगाशी घेतले, गुडघ्यात वाकून उचलले, तर जोर अर्ध्याने कमी होतो. अमेरिकेतल्या सरकारी संशोधन संस्थेने १९९१ साली हिशेब मांडला की सगळी परिस्थिती अनुकूल असली तरी एका माणसाने २३ किलोपेक्षा जास्त उचलू नये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच पुरुषाच्या पाठीवर ५५ किलोपेक्षा जास्त वजन असू नये अशी शिफारस केली. जिनात बांधलेली रुईची गाठ १७० किलोची असते. ती लोळवतात, आकड्याने ओढतात, पण ट्रकमध्ये चढवताना कधी ना कधी ती माणसांच्या अंगावर येते.

युरियाची गोणी २०१८ साली ५० किलोची ४५ किलो झाली, आठवते ना? खत कमी वापरले जावे म्हणून केली. हमालाची पाठ कोणाच्या डोक्यातही नव्हती. पण गोणी लहान करायची ठरवली तर एका आदेशाने होते, एवढे त्यातून कळले.

बायकांचे तर याहून वाईट. जिनातली कचरा काढणारी, कापसाचे गठुडे डोक्यावर वाहणारी बाई, तिची पाठ जाते ती जातेच. त्यापलीकडे अंग बाहेर येणे हा प्रकार आहे, जो ती नवऱ्यालाही सांगत नाही, मग मुकादमाला काय सांगणार? बाळंतपणे हे त्याचे मोठे कारण असते. पण कोवळ्या बाळंतिणीने ओझी वाहिली की ते वाढते, हे गावातली प्रत्येक म्हातारी जाणते. अशा एकाही बाईचा दावा आम्ही आजवर पाहिलेला नाही. या विषयावर महिला आघाडीने स्वतंत्र बैठक घ्यावी. आम्ही पुरुषांनी त्यात शहाणपण शिकवू नये.

आता पैशाचे बोलू. बोट गेले तर कायद्यात तक्ता आहे. अंगठा गेला, ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली, १४ टक्के. दोन्ही हात गेले, १०० टक्के. पाठ त्या तक्त्यात नाही. गादी सरकणे नाही, अंतर्गळ नाही. तक्त्याबाहेरच्या इजेसाठी डॉक्टरने सांगायचे की या माणसाची कमाई करण्याची ताकद किती टक्क्यांनी गेली. एक डॉक्टर दहा म्हणतो, दुसरा चाळीस म्हणतो, आणि भांडण सुरू होते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. मोजायची आहे ती कमाईची ताकद, अवयवाची नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली एका सुताराच्या प्रकरणात हे स्पष्ट केले. त्याचा डावा हात कोपराच्या वरून काढावा लागला होता. तक्त्याप्रमाणे ते शंभर टक्के भरत नव्हते. न्यायालय म्हणाले, एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा त्याची ताकद पूर्ण गेली. त्याच न्यायाने हमालाची पाठ मोजली पाहिजे. टेबलामागे बसणाऱ्याची पाठ दहा टक्के गेली तर तो उशी घेऊन बसेल. हमालाची तेवढीच पाठ गेली तर त्याची हमालीच गेली.

रक्कम काही थोडीथोडकी नसते. जुन्या कायद्याचा हिशेब असा: महिन्याच्या मजुरीचे ६० टक्के, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. ३ जानेवारी २०२० पासून मजुरी जास्तीत जास्त १५,००० रुपये धरली जात आली. चाळीस वर्षांच्या माणसाचा आकडा १८४.१७. म्हणजे पूर्ण ताकद गेली तर १६,५७,५३० रुपये. तीस टक्के गेली असे ठरले तर ४,९७,२५९ रुपये. शिवाय उपचाराचा खर्च वेगळा. महिन्याच्या आत पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. त्यासमोर ते पंधरा हजार ठेवून पाहा.

आणि तो स्टँप कागद? भरपाईचा हक्क सोडून देणारा करार जुन्या कायद्याने मुळातच रद्दबातल ठरवला होता. एकरकमी तडजोड आयुक्ताकडे नोंदवावी लागते, नोंदवली नाही तर मालक पूर्ण रकमेला बांधील राहतो. अशा सहीने घाबरून घरी बसलेले कोणी तुमच्या गावात असतील तर त्यांना हे वाचून दाखवा.

कोणी म्हणेल, जिन हा कारखाना आहे, मग कामगार विमा योजनेचे इस्पितळ कुठे गेले? छान प्रश्न. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने हंगामी कारखान्यांना वगळले, आणि हंगामी म्हणून जी नावे घातली त्यात कापसाचे जिनिंग आणि प्रेसिंग अगदी सुरुवातीला. नव्या संहितेतही हंगामी कारखाना बाहेरच. शहरातल्या सूतगिरणीत तोच कापूस कातणाऱ्याला विम्याचे कार्ड, आणि जिनात तो वाहणाऱ्याला शेक! शेतकरी अपघाताची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची सानुग्रह अनुदान योजना आहे. तिच्यातही मृत्यू, डोळा, हात, पाय. पाठ तिथेही नाही. म्हणून जिनातल्या माणसाला भरपाईचा हा एकच दरवाजा उरतो.

बैठकीनंतर आमच्याच एका जुन्या सहकाऱ्याने आम्हाला बाजूला घेतले. त्याचे म्हणणे आम्ही जसेच्या तसे मांडतो, कारण ते वाऱ्यावर सोडण्यासारखे नाही. "तुम्ही हमालांची बाजू घ्यायला लागलात तर बाजारात हमाली, मापाई कोणाच्या पट्टीतून कापली जाते? आपल्याच. उद्या जिनवाल्यावर बोजा पडला तर तो भाव कोणाचा पाडेल? आपलाच. आणि दावे काय सगळे खरे असतात का?"

खोटे दावे असतात. पाठीचे दुखणे दिसत नाही, म्हणून सोंग करायला सोपे, हे आम्ही मान्य करतो. शेतात पडलेला माणूस जिनात पडल्याचे सांगतो, असेही घडले आहे. पण सोंगाड्याला कशाचा धोका आहे? त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, चार माणसांसमोर लिहिलेल्या नोंदीचा. नोंद नसली की सोंगाड्या आणि खरा जखमी एकाच रांगेत उभे राहतात, आणि हाकलताना दोघांनाही हाकलले जाते. इमानदार जिनवाल्यालाही अशी नोंद हवीच असली पाहिजे. बोज्याचे म्हणाल तर मालकाला या जबाबदारीचा विमा बाजारात मिळतो. गाठींचा आगीचा विमा तो न चुकता काढतो. माणसांचा काढायला त्याचा हात कोणी धरला आहे?

भाव पाडण्याच्या धमकीला आमचे उत्तर थोडे कडू आहे. आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो की उत्पादनखर्च भरून निघेल असा भाव हवा, आणि त्या खर्चात मजुरी धरा, बैलाचा चारा धरा, अवजारांची झीज धरा. वखराची पास झिजली तर ती खर्चात, आणि पाठ झिजली तर ती नशिबात? जिनातला हमाल हा दुसऱ्या कोणा देशातून आलेला नाही. तो आपला भाऊ आहे, बटाईदार आहे, किंवा आपणच आहोत, फक्त महिना वेगळा. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली तेव्हा शेतकरी आणि हमाल यांचे भांडण लावून देणारे कमी नव्हते. आम्हीही एका काळात बाजार समितीच्या फाटकात उभे राहून हमालांविरुद्ध घोषणा दिल्या आहेत. त्यातल्या काही आज आठवल्या की बरे वाटत नाही.

आणि एक गोष्ट आपल्या घरातली. यंत्राने चालणाऱ्या शेतीवरचा मजूरही १९२३ च्या कायद्याच्या यादीत होता. मळणीयंत्रावर ज्वारीची कणसे टाकणारा गडी जखमी झाला तर मालक तुम्ही आहात. कर्जात बुडालेल्या कास्तकाराने ती रक्कम कुठून आणायची? आमच्यापाशी याचे पुरते उत्तर नाही. पण तेव्हा 'असं काही झालंच नाही' म्हणणाऱ्यांत आपण दिसणार असू, तर आज जिनवाल्याला बोल लावण्याचा हक्क आपल्याला नाही.

करायचे काय, तर ते फार अवघड नाही. उचलताना कंबरेत, पोटात, खांद्यात काही झाले की ते तिथल्या तिथे मोठ्याने सांगा, मुकादमाला आणि काट्यावरच्या माणसाला. शेक नंतर. त्याच दिवशी सरकारी दवाखाना. डॉक्टरला नुसते 'कंबर दुखते' म्हणू नका. अमुक जिनात, अमुक वाजता, सरकीचे पोते उचलताना दुखले, असे सांगा आणि ते केसपेपरवर लिहून घ्या. लिहिले ते वाचून घ्या. येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला बरोबर न्या. आपल्या माणसाच्या केसपेपरवर 'दहा दिवस' ऐवजी '१५ दिवस' पडले. २९ मधून १५ गेले, १४ जानेवारी आली. तो रविवार. जिनाच्या हजेरीत त्या दिवशी काम बंद. पाच दिवसांच्या चुकीने माणूस खोटा ठरायची वेळ आली आहे. मालकाला लेखी सूचना रजिस्टर पोस्टाने पाठवा, पावती जपा. दाव्याला जुन्या कायद्यात दोन वर्षांची मुदत होती. नव्याजुन्याच्या घोळात न पडता वर्षाच्या आतच दावा लावा.

आणि साक्षीदार. टोळीतला जोडीदार साक्ष देत नाही, कारण त्याला पुढच्या हंगामात त्याच जिनात पोट भरायचे असते. त्याला दोष देऊ नका. पण त्या फाटकात रोज असे लोक येतात ज्यांना जिनवाल्याची नोकरी करायची नसते, आणि ज्यांच्या खिशात तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर छापलेला कागद असतो. काटापट्टी! ती आपल्याजवळ असते. आपल्याशिवाय दुसऱ्या कोणापाशी असा पुरावा नाही. आम्ही तिघांनी आमची पट्टी पैसे मिळाल्यावर फेकून दिली. एकाच्या पट्टीत म्हणे घरच्यांनी भजी बांधली.

पैसे मिळाले तरी काटापट्टी तीन वर्षे ठेवा. मागच्या कोऱ्या बाजूला त्या दिवशी फाटकात जे पाहिले ते दोन ओळींत लिहा.

सध्याचे काम असे. मंगळवार १६ ते शनिवार २० जानेवारी २०२४ या पाच दिवसांत तालुक्याच्या ठिकाणी ज्यांनी ज्यांनी जिनात कापूस घातला, त्यांनी घरातल्या पिशव्या, पासबुके, देवघरामागचे डबे धुंडाळावेत. त्या दिवशी सरकी भरताना एक माणूस वाकलेलाच राहिला होता, हे ज्याला आठवते त्याने पट्टी नसली तरी यावे. पट्टी सापडली तर तिची झेरॉक्स नको, मूळ कागद आणा. पुढच्या बैठकीत तो कास्तकार पहिल्या रांगेत बसणार आहे. त्याच्यासाठी पाठीची खुर्ची ठेवायला आम्ही सांगितले आहे.